दक्षिणेच्या दोराचे इनासमामा

माझा धाकटा दीर सतीश परवा घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, मेळाव्याची स्मरणिका काढतोय. इनासमामांवर दोन पानं लिहून द्या. सर्वधर्मसमभावाचं चालतंबोलतं प्रतीक, असं काहीतरी." मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वाडीत कुणाच्या वाढदिवसाची कविता असो की कुणाच्या दहाव्याचं निवेदन, सगळं माझ्याच गळ्यात पडतं. मी हो म्हणून बसले. आता लिहायला घेतलंय आणि मला पक्कं ठाऊक आहे, यातली एक ओळसुद्धा सतीश छापणार नाही. न छापो. प्रतीक म्हणे. इनासमामांच्या स्वप्नातही कधी प्रतीक व्हायचं आलं नसेल. त्यांना ते बनवलं आम्ही, म्हणजे आमच्या घराने, आणि मला त्याची लाज वाटते. लिहायचंच तर इथून सुरुवात केलेली बरी.

मी लग्न होऊन या वाडीत आले ती ओरोसकडच्या आतल्या गावातून. आमच्याकडे भात, काजू, गुरं. समुद्र मी शाळेच्या सहलीत पाहिलेला, तोही लांबून. सासरचं घर मात्र किनाऱ्याला लागून, अंगणातून उतरलं की वाळूच. शेजारच्या घरात इनासमामा आणि त्यांची बायको लुसीन. मामा म्हणजे आखूड, रुंद माणूस, गुडघ्यात जरा बाकदार, अर्धी चड्डी आणि बिनबाह्यांचं बनियन. गळ्यात एका दोऱ्यात खुरीस, म्हणजे क्रूस, आणि ट्रंकेची किल्ली. दोर ओढून ओढून हाताचे पंजे असे घट्ट झालेले की पुरते उघडत नसत. चहाची कपबशी दिली तर कप पाची बोटांनी मुठीत धरायचे.

मला मासे ओळखता येत नाहीत हे त्यांना कळलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. रोज सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर एक मासा ठेवायचे आणि हाक मारायचे. "गो सुने, ह्यो सरंगो. ह्येका आदी नमस्कार कर, मगे काप." दुसऱ्या दिवशी परीक्षा. "काल काय खाल्लंस?" मी चुकले की तोच मासा पुन्हा. एकदा मी तीन दिवस एकाच जातीचा मासा खाल्ला आणि चौथ्या दिवशी रागाने नाव बरोबर सांगितलं. शाळेत मी पोरांना नापास करायचे आणि घरी हा माणूस मला नापास करायचा. सासरे ओटीवर बसून हसायचे.

सासरे आणि इनासमामा एका रापणीचे भागीदार. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. एक टोक उत्तरेला, एक दक्षिणेला. पाचपन्नास माणसं लागतात. आमच्या रापणीत गाबीत होते, भंडारी होते, इनासमामांचे भाऊबंद होते, खाडीपलीकडचे अब्बासभाय आणि त्यांचे पुतणे होते. मी नवीन असताना मला या सगळ्याची फार उत्सुकता. आमच्या गावात कोण कुठल्या वाडीतला, कोण कुणाकडे पाणी पितो, हे लहानपणापासून पाठ. म्हणून मी एकदा सरळ विचारलं, "मामा, तुमी किरिस्तांव मां?"

"मी? मी दक्षिणेच्या दोराचो."

"तसा नाय. म्हणजे..."

"आनी तुजो सासरो उत्तरेच्या दोराचो. लगीन जमवताना कोणी सांगूक नाय तुका? फसवल्यानी गो तुका."

ही थट्टा असेल असं मला वाटलं. पण मामा खरोखरच माणसं तशीच लावायचे. मालवणच्या बाजारात कुणी भेटला, की घरी येऊन सांगणार, "दक्षिणेच्या दोराचो वाटता. हळू वडता, पण सोडणा नाय." तहसील कचेरीतला एक कारकून त्यांना आवडत नसे. "उत्तरेचो," एवढंच म्हणायचे आणि सासऱ्यांकडे बघायचे. सासरे शिव्या घालायचे. अब्बासभायांचं किराणा दुकान होतं, डोक्यावर कायम सिमेंटच्या जाहिरातीची टोपी. ते दर वर्षी दोर बदलायचे, म्हणून मामा त्यांना 'धर्म बदललेलो' म्हणायचे आणि अब्बासभाय पोट धरून हसायचे. आज असा विनोद करायचा म्हटला तर चार वेळा इकडेतिकडे बघावं लागेल.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ गेला की रापणीचा हंगाम उघडायचा. त्या सकाळी सगळे वाळूत जमायचे आणि रापणीतला सगळ्यात वयस्कर माणूस गाऱ्हाणं सांगायचा. हा आमच्याकडचा जुना रिवाज. देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. देवळात गाऱ्हाण्याचा मान ज्याचा त्याचा ठरलेला असतो. वाळूतलं गाऱ्हाणं मात्र रापणीचं, तिथे वयाशिवाय दुसरं काही बघत नसत. सासरे होते तोवर ते सांगायचे. ते गेल्यावर गाऱ्हाणं इनासमामांकडे आलं.

आणि काय सांगायचे! सासऱ्यांचं गाऱ्हाणं पाठ केल्यासारखं, पटकन आटपणारं. मामांचं दर वर्षी नवं. आदल्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागत नसे. लुसीन म्हणायची, "लग्नादिवशी इतको घाबराक नाय होतो." सकाळी दाढी करून, पांढरा सदरा घालून, उपाशीपोटी वाळूत उतरायचे. गळ्यातला खुरीस सदऱ्याच्या बाहेर काढायचे, समुद्राकडे तोंड करायचे आणि आवाज लावायचे.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"बा गावच्या देवी, वेशीवरच्या राखणदारा, टेकडीवरच्या खुरसा, खाडीकडच्या पीरबाबा, आनी ज्येचा नाव माका म्हाईत नाय असो कोण आसात तो म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आज तुजी लेकरा दर्यात जाळा सोडतत. ता भरान येवंदे. भरान नाय इला, तर निदान फाटाक तरी देव नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

मग वाडीतली एकेक भानगड यायची. कुणाचं लग्न अडलंय, कुणाचा मुलगा बोटीवरून परतला नाही, कुणी कुणाच्या माडावरून शहाळी उतरवली. नाव घ्यायचे नाहीत, पण सगळ्यांना कळायचं. सासरे हयात असताना मामा एकदाच मध्ये घुसले होते, तेही माझ्यामुळे. माझं आणि सासूबाईंचं बिनसलं होतं. कारण आता आठवतही नाही, पण आम्ही दोघी एका चुलीवर राबत होतो आणि बोलत नव्हतो. सासऱ्यांचं गाऱ्हाणं संपतंय तोच मामा मागून ओरडले, "बा देवा म्हाराजा, आनी आमच्या उत्तरेच्या दोराच्या एका घरात सासू-सुनेनी बोलणा सोडल्यानी आसा. त्यामुळे कढीत मीठ दोनदा पडता म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सगळा किनारा.

"तेंचा तोंड उघड, नायतर माजो दोस्त पाणी पिवान पिवान मरात म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. मीही हसले, आणि घरी परतताना त्यांनी मला विचारलं, "मीठ तू घालतलंस काय मी घालू?"

मी मामांना पुढे कधीतरी विचारलं, देवाला सांगायचं तर मनात सांगितलं तरी चालेल, मग हा आरडाओरडा कशाला. ते जाळं विणत होते. म्हणाले, "देव काय भयरो नाय गो. पण एकट्याचा आयकान त्येका कंटाळो येता. मी बोलतंय तां नुसता बोलणा. तुमी व्हय म्हणतास तेव्हा तां गाऱ्हाणा होता."

माझे यजमान अचानक गेले तेव्हाची गोष्ट. त्यांचं मालवणच्या बाजारात दुकान होतं, पण हंगामात दोराला हात लावल्याशिवाय कधी दुकान उघडलं नाही. ते गेल्यावर मामा रोज येऊन पायरीवर बसायचे. लोक येत, समजूत घालत, जात, मामा आपले बसलेले. मला तेव्हा कशाचंच भान नव्हतं. पुढे बऱ्याच दिवसांनी लुसीन बोलता बोलता म्हणाली, की आमचं सुतक फिटेपर्यंत तिच्या घरीही मासा शिजला नव्हता. मी मामांना विचारायला गेले तर माझ्यावरच चिडले. "रापणीचो माणूस गेलो, मगे सुतक कोणाक? माडाक?"

अशा या माणसाच्या घरी सतीश एक दिवस मेळाव्याचं आमंत्रण घेऊन गेला.

सतीश वाईट नाही. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याचं काम फार सोपं होईल. मुंबईतली नोकरी संपवून तो गावी आला आणि टीव्हीवर रोज काय काय बघून त्याला मनापासून वाटलं, की आपल्या वाडीतला एकोपा जगाला दाखवला पाहिजे. नारळी पौर्णिमेला वाळूत सगळे जमतातच, तर तिथेच मंडप घालू, स्टेज बांधू, ओरोसच्या जिल्हा कचेरीतून साहेबांना बोलावू. सर्वधर्म सद्भाव मेळावा. तीन धर्मांचे तीन प्रतिनिधी, प्रत्येकाची आपापली प्रार्थना. कार्यक्रमाचा कागद त्याने मला शुद्धलेखन तपासायला दिला. त्यात लिहिलं होतं: गाऱ्हाणे, श्री. सतीश. ख्रिस्ती प्रार्थना, श्री. इनास.

मी म्हटलं, "भावजी, गाऱ्हाणं मामांचं आहे."

"वहिनी, ते आपल्यातल्या आपल्यात. बाहेरचे लोक येणार. त्यांना कळायला नको का कोण कोण आहे ते? खुरीस घातलेला माणूस गाऱ्हाणं सांगायला लागला तर पाहुण्यांचा गोंधळ होईल."

मी भांडले. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता आणि कागद घडी घालत होता. शेवटी म्हणाला, "मामांना मी विचारलंय. ते खूश आहेत."

मी तशीच मामांकडे गेले. आणि मामा खरंच खूश होते. कोट उन्हात टाकला होता, लुसीन त्यावरची बुरशी झटकत होती. "सतीशान सांगितल्यान, मामा, तुमची प्रार्थना म्हणा, तुमच्या भाषेत. माका वाटला होता आता म्हाताऱ्याक बाजूक काढतले." मग हळूच, "गाऱ्हाणाच मां गो? माजी दुसरी खयची प्रार्थना? चर्चात लादाय्न तर पाद्री म्हणता."

सतीशचं म्हणणं काय होतं ते मला कळलं होतं, आणि मामांना काय कळलं होतं तेही. मी त्यांना सांगू शकले असते. पण मला आतून आनंद झाला. म्हटलं, एकदा मामांनी आवाज लावला आणि वाडीने 'व्हय' म्हटलं, की सतीशचा कागद बसेल गुंडाळून. मला वाडीची खात्री होती. "गाऱ्हाणाच, मामा," मी म्हटलं, "दुसरा काय."

मेळाव्याच्या सकाळी वाळूत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. इतकी वर्षं आम्ही उभे राहायचो, त्या दिवशी बसलो. स्टेजवर तीन खुर्च्या, मागे पुठ्ठ्याच्या पाट्या. अब्बासभायांना सतीशने नवीकोरी पांढरी जाळीदार टोपी आणून दिली होती, ते सारखी ती चाचपत होते. मामा कोटात घामाघूम झालेले. त्यांच्यामागे मोठ्या अक्षरांत 'ख्रिस्ती'. दक्षिणेच्या दोराचे असं काही कुठे लिहिलं नव्हतं.

अब्बासभायांची दुवा झाली. मग सतीशने पुकारलं, आणि मामा माइकपाशी आले. पाहुण्यांकडे पाठ नको म्हणून त्यांना समुद्राकडे पाठ करून उभं केलं होतं, त्यामुळे ते आधीच जरा गडबडले. खुरीस कोटाच्या बाहेर काढला.

"बा देवा म्हाराजा..."

आणि थांबले.

कुणी 'व्हय' म्हटलं नाही. लोकांनी मामांकडे बघितलं, मग सतीशकडे, मग साहेबांकडे. रापणीत ज्यांनी मामांच्या खांद्याला खांदा लावून दोर ओढला ते सगळे तिथे होते. ज्यांची लग्नं या माणसाने गाऱ्हाण्यातून जमवली ते होते. गाऱ्हाणं कागदावर सतीशच्या नावावर होतं, आणि ही ख्रिस्ती प्रार्थनेची वेळ होती, म्हणून गप्प बसायचं असतं, असं काहीतरी सगळ्यांना एकदम वाटलं असावं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. मला तर वाटतं, पाप असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मामांना वाटलं माइक बंद आहे. त्यांनी त्या न उघडणाऱ्या हाताने त्यावर टकटक केलं आणि पुन्हा, मोठ्याने, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

एकटीचा आवाज. पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. मागे पोरं फिसकली. सतीश माइकपाशी वाकून हलकेच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "मामा, ते नाही. तुमची प्रार्थना."

मामांनी माझ्याकडे बघितलं. एखादं पोर चुकीच्या वर्गात येऊन बसावं आणि त्याला ते कळावं, तसा चेहरा. मग त्यांनी मान खाली घालून 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं, भराभर, पुटपुटत, आणि जाऊन खुर्चीत बसले. टाळ्या झाल्या. साहेबांनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

त्यानंतर सतीशने मोबाइलमध्ये बघून गाऱ्हाणं सांगितलं. "बा देवा महाराजा," शुद्ध. आणि सगळा मंडप, एका आवाजात, "व्हय म्हाराजा." तेच गळे, तीच माणसं. मी दातावर दात धरून बसले होते. वर बघितलं तर मामांचे ओठ हलत होते. खुर्चीत ताठ बसून, मुठी गुडघ्यांवर ठेवून, ते सतीशच्या प्रत्येक ओळीला व्हय म्हणत होते. मला तिथे वाळूत गाडून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. एकोप्याचा आदर्श. सतीशने त्याची फ्रेम करून आमच्याच ओटीवर लावली. मी ती काढली, त्याने परत लावली.

मामा त्या हंगामातही दोर ओढायला यायचे, पण शेवटाला, पोरांच्या मागे उभे राहायचे. आता ते आणि लुसीन गोव्यात मुलीकडे असतात, घराला कुलूप आहे. जाण्याआधीच्या पावसाळ्यात दुसऱ्या मेळाव्याची तयारी सुरू झाली, तेव्हा मी सतीशशी कडाक्याचं भांडले. जेवण करणार नाही, माझ्या अंगणातून मंडपाची वायर नेऊ देणार नाही, इथपर्यंत. शेवटी तो कबूल झाला की गाऱ्हाणं मामांनीच सांगायचं. मी धावतच शेजारी गेले.

मामा पडवीत बसले होते. मला बघून उठले. सदरा घातला, खुर्ची पुसली.

"मामा, यंदा गाऱ्हाणा तुमीच सांगूचा. मी सतीशाक कबूल करून घेतलंय."

"बसा ना, ताई," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः कशाला त्रास घेतलात? निरोप पाठवला असता तरी चाललं असतं."

मला आधी वाटलं, थट्टा आहे. सतीशसारखे मुंबईहून आलेले सोडले, तर आमच्याकडे माणूस शुद्ध मराठी बोलतो ते कचेरीत, बँकेत, नाहीतर परक्याशी. इतक्या वर्षांत या माणसाने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी हसले. ते हसले नाहीत.

"गाऱ्हाणं सतीशराव चांगलं सांगतात," ते म्हणाले. एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा येत होता. "तो तुमचा मान आहे. आमच्या समाजातर्फे आम्ही कोणीतरी नक्की हजर राहू. काळजी नसावी."

"मामा, माज्याशी ह्या कसल्या भाषेत बोलतास?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते एकदम कावरेबावरे झाले. खरोखर काळजीत पडल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"काही चुकलं का बोलण्यात?" त्यांनी विचारलं. "तुम्ही शिक्षिका आहात. चुकलं असेल तर सांगा, मी दुरुस्त करीन."

मी त्यांचं प्रत्येक वाक्य मनात पुन्हा ऐकलं. कुठेही काहीही चुकलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."